ईझाबोची ऊब

ला ब्रूसेत गावात ईझाबोइतक्या गरम अंगाची बाई दुसरी नव्हती. जानेवारीत चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून बायका अर्धा तास आधी येऊन बसत आणि पाद्रीबुवांना वाटे, काय ही भक्ती! तिची सासू हयात असताना म्हणायची, "सून हुंड्यात काही घेऊन आली नाही, पण सरपण वाचवलंन हो!"

ही ऊब ईझाबोची मिळकतही होती. आमच्या सेवेनच्या डोंगरात एप्रिल आला, तुतीचे डोळे फुगायला लागले की बायका रेशमाच्या किड्यांची अंडी कापडी थैलीत घालून छातीशी बांधतात. दिवसा चोळीत, रात्री पांघरुणात. आईच्या अंगाची धग लागली की खसखशीएवढी ती अंडी फुटतात आणि तोवर तुतीला कोवळं पान आलेलं असतं. इतर गावांत जिची तिची थैली जिच्या तिच्या अंगावर. ला ब्रूसेतमध्ये मात्र निम्म्या घरांची अंडी ईझाबोकडे. तिच्याकडची अंडी एकदम फुटत, मागेपुढे होत नसत, आणि बदल्यात ती कोशांतला थोडा वाटा घेई. त्या दिवसांत ती पलंगावरून फारशी उतरत नसे. गार वारा नको, धूर नको, परक्याची नजर नको आणि मुख्य म्हणजे धसका नको. उबवणारी बाई घाबरली की अंडी मरतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. भांडणही वर्ज्य. ईझाबोला तेवढं एकच पथ्य जड जाई.

दुसरी गोष्ट अशी की अख्खं ला ब्रूसेत खोटं बोलत होतं. आजोबांच्या काळात राजाने आमची प्रार्थनामंदिरं पाडली आणि एका फर्मानासरशी सगळ्या प्रॉटेस्टंटांना कॅथलिक करून टाकलं. कागदावर. तेव्हापासून रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, जायचं, गुडघे टेकायचे, क्रूसाची खूण करायची, आणि घरी येऊन दार लावून आपली स्तोत्रं म्हणायची. खायचे दात एक, दाखवायचे दुसरे. चेस्टनटच्या बागेसारखं हे खोटं बापाकडून मुलाकडे येई, आणि बागेसारखीच त्याची निगा राखावी लागे.

त्यात सर्वांत घातकी होतं ते प्रार्थनेचं शेपूट. प्रभूची प्रार्थना दोन्हीकडे एकच. पण कॅथलिक "आम्हाला वाइटापासून सोडव" म्हणून आमेन करतात आणि थांबतात. आपली माणसं तिथे थांबत नाहीत. "कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव सदासर्वकाळ तुझंच आहे" हे पुढे आलंच पाहिजे, नाहीतर घास घशात अडकल्यासारखं वाटतं. आया मुलांना बोलायला शिकवत तेव्हाच हे शिकवत: घरात शेपूट म्हणायचं, चर्चमध्ये जीभ चावायची. ईझाबोची जीभ इतकी मुरलेली होती की ती झोपेतसुद्धा चुकली नसती. पलीकडच्या खोऱ्यात एक सुतार मात्र सासऱ्याच्या अंत्यविधीत चुकला होता. त्याला गलबतावर वल्ही मारायला पाठवलं, तो परत आला नाही.

आता पाद्रीबुवा कासान्य. गोल चेहऱ्याचे, सदा घसा खाकरणारे, चर्चच्या मागे तुतीची झाडं लावलेले. राजाच्या खजिन्यातून मिळणारं वेतन म्हणजे चिमणीचा चारा, म्हणून तेही दरवर्षी अंडी घेऊन ईझाबोकडे येत आणि वाट्यावरून घासाघीस करत.

"ईझाबो, देवाच्या माणसाकडून इतका वाटा?"

"किड्यांना काय ठाऊक पाद्रीबुवा, देवाचा माणूस कोण ते. त्यांना ऊब सारखीच लागते."

असं वीस वर्षं चाललेलं. पाद्रीबुवा गेले की ईझाबो सुनेला, सुझोंला, त्यांची नक्कल करून दाखवी आणि म्हणे, "लोभी आहे, पण भोळा आहे बिचारा. आपण मिस्साला जातो ते त्याला खरं वाटतं." याचा तिला अभिमान होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला वीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही, ही काय लहान गोष्ट आहे?

त्या एप्रिलात ईझाबोच्या घरी एक पिंजारी आला. खांद्यावर लोकर पिंजायचे दातेरी फणे होते, पण हात मऊ. पिंजारी कसला, तो आपला उपदेशक होता. डोंगरातल्या घळीत चोरून लोक जमवायचा, लग्नं लावायचा, बाप्तिस्मा द्यायचा. असा माणूस सापडला की सरळ फास. आणि त्याला घरात ठेवणाऱ्या बाईला समुद्राकाठच्या बुरुजात मरेपर्यंत डांबत, घराचे दगडसुद्धा उपटत. ईझाबोने त्याचं नाव विचारलं नाही. जे ठाऊकच नाही ते तोंडातून निघत नाही. दोन घरं फिरून त्याने पुढे जायचं ठरलं होतं, पण त्याला ताप भरला. अंग नुसतं फणफणत होतं. ईझाबो सुनेला म्हणाली, "याच्या छातीला थैली बांधली असती तर दोन दिवसांत किडे बाहेर आले असते."

चौथ्या की पाचव्या सकाळी सुझों शेळी पिळता पिळता धावत आत आली. तिची पाचावर धारण बसली होती.

"आई, शिपाई! ओढा ओलांडून वर येतायत. सोबत पाद्रीबुवा आहेत."

ईझाबोचा नवरा गवंडी होता. जाताना त्याने फारसं काही मागे ठेवलं नव्हतं, पण पलंगामागच्या भिंतीत एक पोकळी करून ठेवली होती. उभा माणूस मावेल एवढी, पुढे लाकडी फळी. दोघींनी पिंजाऱ्याला त्यात ढकललं, फळी बसवली, आणि ईझाबो थैली छातीशी धरून पलंगावर चढली. पडदा अर्धा ओढून घेतला. सुझोंने पिंजाऱ्याची वाटी तशीच शेळीपुढे टाकली.

लेफ्टनंट उत्तरेकडचा होता, तरुण, ओठांवर नुकतीच मिशी. आल्या आल्या त्याने चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं. कॅथलिकांचे मांस वर्ज्य करायचे उपासाचे दिवस होते; मांस सापडलं असतं तर तिथेच सोक्षमोक्ष लागला असता. आत चेस्टनटची पेज होती. ती पाहून त्याने तोंड वाकडं केलं.

"डुकरांना घालतात हे आमच्याकडे."

"इकडे डुकरंही खातात साहेब, आणि आम्हीही," सुझों म्हणाली. "भांडणं होत नाहीत."

"जीभ फार चालते हिची. ती कोण पडलीय? आजारी आहे?"

"ती अंडी उबवतेय," पाद्रीबुवा म्हणाले.

लेफ्टनंट हसला. मागचे शिपाई हसले. मग पाद्रीबुवा हसत नाहीत हे पाहून तो थांबला.

"बाई? अंडी? कोंबडी कुठे गेली?"

"रेशमाची अंडी आहेत, लेफ्टनंट. तुमच्या अंगावरचा तो पट्टा अशाच कुणा बाईच्या छातीवर जन्मलाय. हिला उठवू नका, गार वाऱ्यात नेऊ नका आणि मेहेरबानी करून घाबरवू नका. यात माझीही अंडी आहेत."

"अस्सं. म्हणजे तुमचा हिच्यावर भरवसा आहे. बाई कॅथलिक आहे?"

"वीस वर्षं मिस्सा चुकवलेला नाही."

"सगळेच चुकवत नाहीत. म्हणून तर सापडत नाहीत." तो पलंगाजवळ आला. "ए बाई, प्रभूची प्रार्थना म्हण. लॅटिनमध्ये नको, लॅटिन पोपटालाही शिकवता येतं. आपल्या भाषेत म्हण."

ईझाबो उठून बसली. हातांत थैली, थैलीखाली काळीज, आणि ते इतकं धडधडत होतं की अंडी एकमेकांवर आपटत असतील असं तिला वाटलं. पण प्रार्थनेची तिला भीती नव्हती. ती शांतपणे म्हणू लागली. पाद्रीबुवा पलंगाच्या उशाशी, पडद्याच्या आत डोकं घालून उभे होते, जणू ती चुकते का हे ऐकायला. "आम्हाला वाइटापासून सोडव," ईझाबो म्हणाली. "आमेन." आणि तिने जीभ दातांखाली धरली, जन्मभर धरत आली होती तशी.

तेवढ्यात भिंत बोलली.

"कारण राज्य," भिंतीतून एक खोल, तापलेला आवाज आला, "सामर्थ्य आणि गौरव..."

तो बिचारा तापात होता. उभ्या उभ्या ग्लानीत असताना कुणीतरी प्रार्थना म्हणताना ऐकली, ती मध्येच तुटलेली कळली, आणि आईने शिकवलेलं पुढचं आपोआप तोंडातून निघालं. दुसऱ्या कुणाची अशी चूक होणारच नाही. ती फक्त आपल्याच माणसाकडून होते. ईझाबोच्या अंगातली सगळी ऊब पायांतून वाहून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला थंडी वाजली. बुरूज, फास, उपटलेले दगड, चुलीपाशी उभी असलेली सून, सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"कोण बोललं?" लेफ्टनंटचा हात तलवारीवर गेला.

"मी," पाद्रीबुवा कासान्य म्हणाले.

त्यांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं, घसा खाकरला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात, मिस्सा म्हणतात त्याच सुरात, ते शेपूट सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. जणू रोज रात्री म्हणत असावेत.

"पाखंडी लोक प्रार्थनेला हे पुढे जोडतात, लेफ्टनंट. मी हळूच सुरू करून देतो. मनात पाप असलेली बाई पुढचं बोलून जाते. गळ टाकला होता, मासा लागला नाही. हिने आमेनपुढे तोंड उघडलं का? नाही ना?"

"आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटला."

"महिनाभर घसा धरलाय माझा. कालच्या मिस्सात लोकांना वाटलं, तळघरातून कुणी बोलतंय."

लेफ्टनंट पलंगाकडे पाहत राहिला. "तरी हा पलंग सरकवून पाहतो."

"सरकवा की. फक्त एक करा, वरच्या वाड्यातल्या बाईसाहेबांना तुम्हीच जाऊन सांगा. त्यांचीही अंडी याच थैलीत आहेत. काल तुम्ही त्यांच्याकडेच जेवलात ना?"

बाईसाहेबांची अंडी ईझाबोकडे कधीच नव्हती. ती वाड्यातच, त्यांच्या स्वतःच्या दासीकडे असत. हे पाद्रीबुवांना ठाऊक होतं, ईझाबोला ठाऊक होतं, चुलीपाशी पेज ढवळत उभ्या असलेल्या सुझोंलाही ठाऊक होतं.  लेफ्टनंटने थैलीकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, बहुधा रात्रीच्या जेवणाचा विचार केला, आणि शिपायांना म्हणाला, "चला. पुढचं घर."

निघताना पाद्रीबुवा दारात वळले. ईझाबोला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पांघरूण घे. गार पडलीस. माझी अंडी मेली तर भरपाई घेईन."

दुपारभर ती थरथरत होती. सुझों शेकोटीतल्या गरम विटा फडक्यात गुंडाळून तिच्या पायांशी ठेवत होती आणि एकच प्रश्न विचारत होती.

"आई, यांना सगळं ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"कधीपासून?"

 वीस वर्षांचे रविवार ईझाबोच्या डोळ्यांसमोरून जात होते. पाद्रीबुवा वेदीवरून बघायचे, त्या सगळ्या मिटलेल्या तोंडांकडे, दातांखाली धरलेल्या जिभांकडे, आणि आमेन झालं की घाईने पुढचं सुरू करायचे. दुसरीकडचे पाद्री तिथे मुद्दाम थांबतात, कोण चुकतंय ते पाहायला. आपले कासान्य कधी थांबले नव्हते. भोळा कोण होता, हे तिला त्या दुपारी समजलं, आणि मग ती पांघरूण तोंडावर घेऊन रडली. दुःखाने नव्हे. इतकी वर्षं आपल्याला कुणीतरी सांभाळत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, हे कळल्यावर माणूस रडतो तसं.

पिंजारी ताप उतरल्यावर डोंगर ओलांडून गेला. पुढे तो स्वित्झर्लंडला सुखरूप पोचल्याची खबर आली. अंडीही फुटली, एवढा धसका बसूनही एकूण एक. पण ईझाबोच्या जिवाला नवीन घोर लागला. आभार कसे मानायचे?

आभार मानायचे म्हणजे कबूल करायचं. तिने कबूल केलं की पाद्रीबुवांना दोनच वाटा: एकतर तिला पकडून द्यायचं, नाहीतर आपण खोटं बोललो हे मान्य करायचं. आणि असं खोटं बोललेल्या पाद्र्याला बिशप काय करतो, ते विचारायलाच नको. म्हणजे ज्याने वाचवलं त्याला "तुम्ही वाचवलंत" म्हणणं हाच दगा. कोश तयार झाल्यावर ती टोपली घेऊन त्यांच्याकडे गेली, स्वतःचा वाटा न काढता. म्हणाली, "पाद्रीबुवा, त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय?" ते लगेच म्हणाले. "कोश हलके दिसतायत यंदा. आणि तुझा वाटा का काढला नाहीस? उद्या गावात म्हणशील पाद्र्याने बुडवलं. घेऊन जा."

तिने बोलायचं सोडून दिलं. पण नक्कल करायचीही सोडली. चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर बसायला लागली, पाद्रीबुवांचा घसा धरला की मध आणि कांद्याचा काढा पाठवायला लागली. गावातल्या आपल्याच बायकांनी टोमणे मारले. "ईझाबोला मिस्सा गोड लागायला लागला हो!" "म्हातारपणी पोपची सून होणार वाटतं!" एरवी असल्या बोलण्यावर ईझाबोने एकेकीची सात पिढ्यांची उणीदुणी काढली असती. तिने ऐकून घेतलं. खरं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि गावभर झालेली गोष्ट खोऱ्याबाहेर जायला एक बाजारचा दिवस पुरतो. सुझों चिडायची. "तुम्ही का ऐकून घेता?" ईझाबो म्हणे, "त्यांनी वीस वर्षं ऐकून घेतल्या नाहीत का माझ्या नकला? दार पातळ आहे आपलं."

अशी नऊ-दहा वर्षं गेली. पाद्रीबुवा थकले. डोळे गेले, गुडघे गेले. मग एका वसंतात वरून हुकूम आला की त्यांनी खाली मैदानातल्या शहरात, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या मठात जाऊन राहावं. त्यांना न्यायला खेचर आलं ते नेमकं एप्रिलात, ऐन थैलीच्या दिवसांत. डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता.

ईझाबो पलंगावर होती. तिने गावाची थैली सोडून सुनेच्या छातीशी बांधली. तीत पाद्रीबुवांचीही अंडी होती, ती या वर्षी चर्चच्या नव्या माणसाला मिळणार होती. स्वतःची छोटी थैली तिने चोळीत ठेवली. ती सुनेकडे दिली तर दोन्ही थैल्यांना ऊब कमी पडेल, असं ती म्हणाली. शाल घेतली आणि दाराकडे निघाली.

"आई, कुठे? वारा बघा! आपली अंडी..."

"बघितला."

ओढ्यापाशी, पायवाट जिथे खाली उतरते तिथे ती खेचराची वाट पाहत उभी राहिली. वाऱ्यात तिची शाल पिसाटली होती. पाद्रीबुवांना आधी दिसलंच नाही कोण आहे. खेचरवाल्याने सांगितलं तेव्हा ते खोगिरावर ताठ बसले.

"ईझाबो? या दिवसांत तू बाहेर? वेडी झालीस का? अंडी आहेत ना अंगावर?"

"आहेत."

"मग जा घरी! गार पडतील. मरतील सगळी!"

"मरू देत, पाद्रीबुवा."

 खेचरवाला परका होता, त्याला या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. बायका काय वाटेल ते बोलतात. ईझाबोने पुढे होऊन म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तो बर्फासारखा होता. तिने तो तसाच धरून ठेवला, चांगला गरम होईपर्यंत. पाद्रीबुवांच्या अंधुक डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते वाऱ्याला शिव्या देत डोळे पुसत राहिले.

"कुणाची अंडी आहेत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"फक्त माझी. तुमची सुनेकडे आहेत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. "माझी मेली असती तर भरपाई घेतली असती."

खेचर वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच थांबली. त्या वर्षी ईझाबोच्या थैलीतलं एकही अंडं फुटलं नाही. सुझोंने कपाळाला हात लावला. घरच्या रेशमाची वर्षाची कमाई गेली, एप्रिलच्या वाऱ्यात उभं राहून, एका पाद्र्यासाठी!

"स्वस्तात सुटले गं," ईझाबो म्हणाली.